दिवा कोणाच्या हातात? : प्रकाशाने रेखलेल्या तसबिरींचा इतिहास

मराठीत आपण ‘तसबीर’ म्हणतो, उर्दूत ‘तस्वीर’. शब्द एकच, अरबीतून फारसीच्या वाटेने आलेला. भिंतीवर टांगलेल्या आजोबांच्या फोटोला मराठी घरात तसबीर म्हणतात, तेव्हा तस्वीर जायज की नाजायज या जुन्या वादाची तिथे कुणाला आठवणही होत नाही. फोटोग्राफीसाठी मात्र दोन्ही भाषांनी वेगवेगळ्या वाटा धरल्या. मराठीने ‘छायाचित्रण’ म्हटले, म्हणजे सावलीचा हात धरला. उर्दूने ‘अक्कासी’ म्हटले, म्हणजे अक्स, आरशात किंवा पाण्यात पडणारे प्रतिबिंब, त्याचा हात धरला. १८३९ साली जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने रूढ केलेल्या ‘फोटोग्राफी’ या शब्दात ना सावली आहे ना प्रतिबिंब. ग्रीक मुळांवरून त्याचा अर्थ होतो प्रकाशाने लिहिणे, रेखाटणे.

आता खरे सांगायचे तर नेहमीच्या फोटोत कुणी काही लिहीत नसते. वस्तूवर पडलेला प्रकाश परत फिरतो आणि फिल्मवर किंवा सेन्सरवर उमटतो, एवढेच. पण फोटोचा एक प्रकार असा आहे की त्यात हर्शेलचा शब्द अक्षरशः खरा होतो. त्याला लाइट पेंटिंग म्हणतात. खोलीत पूर्ण काळोख करायचा. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवायचा आणि शटर दहा, वीस, तीस सेकंद उघडे ठेवायचे. ज्याची तसबीर काढायची तो समोर निश्चल बसतो. काळे कपडे घातलेला दुसरा कुणीतरी छोट्या टॉर्चने त्याच्या चेहऱ्यावर एक-दोन सेकंद उजेड फिरवतो, टॉर्च विझवतो, मग मागे जाऊन दिवा कॅमेऱ्याकडे करून हवेत रेघा ओढतो. शटर बंद झाल्यावर पाहावे तर चेहरा आहे, चेहऱ्यामागे उजेडाची नक्षी आहे, पण ती काढणारा कुठेच नाही. तो तीस सेकंद कॅमेऱ्यासमोर वावरला तरी त्याच्या अंगावरून पुरेसा प्रकाश परतलाच नाही, म्हणून कॅमेऱ्याच्या हिशेबी तो तिथे नव्हताच.

आज मोबाइलवरही जमणारा हा प्रकार लोक लग्नाच्या फोटोंत हौसेने वापरतात. त्याचा इतिहास मात्र हौसेचा नाही. तो दवाखान्यातून, लष्कराच्या कवायतीतून आणि कारखान्यातून आलेला आहे. तो वाचताना मला एक प्रश्न पुन्हा पुन्हा पडला: दिवा कोणाच्या हातात आहे, आणि तो तिथे कुणी दिला?

सुरुवात थोडी मागून करू या, कारण आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर या विषयाचे एक टोक सतत फिरत असते. कॅमेऱ्याचा शोध इब्न अल-हैसमने लावला आणि कॅमेरा हा शब्द अरबी आहे, अशी ती पोस्ट असते. दोन्ही गोष्टी तशा नाहीत. कॅमेरा हा लॅटिन शब्द, अर्थ कमानदार छताची खोली. उर्दू-हिंदीतला आपला ‘कमरा’ त्याच घराण्यातला, पण तो पोर्तुगीजांकडून आला. म्हणजे कॅमेरा आणि कमरा ही सख्खी भावंडे आहेत खरी, फक्त आई अरबी नाही. आणि इब्न अल-हैसमला मोठे ठरवायला कॅमेऱ्याचा खोटा दाखला लागत नाही. बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या या माणसाने अकराव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत ‘किताब अल-मनाझिर’ लिहिली. तिच्यात एक प्रयोग आहे. एका छिद्रासमोर वेगवेगळ्या जागी अनेक दिवे ठेवायचे. छिद्राच्या पलीकडे अंधारी जागा. तिथल्या भिंतीवर जितके दिवे तितके उजेडाचे ठिपके दिसतात. एक दिवा झाकला की फक्त त्याचाच ठिपका जातो, उघडला की परत येतो. सगळ्या दिव्यांचा उजेड एकाच छिद्रातून गेला, तरी एकमेकांत मिसळला नाही. प्रत्येक दिव्याने आपली वाट राखली. मला विचाराल तर लाइट पेंटिंगचा खरा पाया इथे आहे. काळोखात दहा रेघा ओढल्या तर त्या दहाच्या दहा आपापल्या जागी उमटतात त्या याच गुणामुळे. बाकी राहिले होते ते उमटलेले टिकवणे. त्याला आणखी आठशे वर्षे लागली.

टिकवणे जमले तेव्हा माणसांची पंचाईत झाली. लुई दागेर याने १८३८ साली पॅरिसमधल्या बुलव्हार द्यू तांप्ल या रस्त्याचे चित्र वरच्या खिडकीतून घेतले. रस्ता रहदारीचा. चित्रात तो ओस पडलेला दिसतो. प्लेट काही मिनिटे उघडी ठेवावी लागली, तेवढ्यात घोडागाड्या आणि माणसे आली आणि गेली, कुणाचा ठसा उमटला नाही. अपवाद एकच. कोपऱ्यात एक माणूस पाय पुढे करून बूट पॉलिश करून घेत उभा होता, तो उमटला. त्याच्या पायाशी बसलेला पॉलिशवाला धूसर दिसतो, कारण त्याचे हात आणि अंग हलत होते. फोटोत आलेली ही बहुधा पहिली दोन माणसे. थांबण्याची ऐपत होती तो स्पष्ट आला, काम करत होता तो पुसट. पुढे तसबिरी काढणाऱ्या स्टुडिओंनी गिऱ्हाइकाच्या मानेमागे लोखंडी चिमटा लावायला सुरुवात केली, तीही याच कारणाने.

ही अडचण एका माणसाने उलटी करून वापरली. एतियेन-ज्यूल मारे हा फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ. नाडी, हृदयाचे ठोके, पक्ष्याचे उडणे, घोड्याचे धावणे, जे जे हलते ते कागदावर कसे उतरवायचे हा त्याचा ध्यास. १८८२ साली त्याला पॅरिसच्या कडेला ब्वा द बुलोन्यमध्ये सरकारी मदतीने प्रयोगशाळा मिळाली. सरकारला रस असण्याचे कारण उघड होते. १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाकडून मार खाल्लेल्या फ्रान्सला आपला शिपाई कसा चालतो, कसा थकतो, हे शास्त्रीय पद्धतीने जाणून घ्यायचे होते. एकाच प्लेटवर चालण्याचे एकामागून एक क्षण टिपले की अंगे एकमेकांवर चढायची आणि गिचमिड व्हायची. मारेने उपाय काढला तो असा की माणसाला डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे घालायचे, हातापायांवर चकाकत्या पट्ट्या लावायच्या आणि काळ्या पार्श्वभूमीसमोरून चालवायचे. प्लेटवर माणूस येत नाही, फक्त पट्ट्या येतात. कंगव्याच्या दातांसारख्या ओळीने झुकलेल्या पांढऱ्या रेघा. दिसायला फार सुंदर. पुढच्या काळातल्या चित्रकारांना त्यांनी वेड लावले, त्यात नवल नाही.

मारेचा सहायक जॉर्ज दमेनी एक पाऊल पुढे गेला. त्याने पट्ट्यांच्या जागी विजेचे छोटे दिवे आणले. १८८९ च्या सुमाराचा त्याचा एक फोटो आज लाइट पेंटिंगचा पहिला ज्ञात नमुना म्हणून दाखवला जातो. त्याचे नाव आहे ‘समोरून दिसणारी विकृत चाल’. नावातच सगळे आले. चालण्याचा आजार असलेल्या माणसाच्या सांध्यांवर दिवे बांधले, काळोखात त्याला कॅमेऱ्याकडे चालत यायला लावले. प्लेटवर उरल्या त्या वळवळत खाली उतरणाऱ्या उजेडाच्या दोऱ्या. खांदा किती हेलकावतो, पाय किती फेंगडा पडतो, हे डॉक्टरला त्यातून मोजता येते. उपयोग नाकारण्यात अर्थ नाही. आज अभिनेत्याच्या अंगावर खुणा लावून त्याच्या हालचाली संगणकात उतरवतात, किंवा गुडघ्याचा डॉक्टर रुग्णाची चाल तपासतो, त्यामागे हेच डोके आहे. पण ज्या माणसाच्या अंगावर ते दिवे होते तो कोण, म्हातारा होता की तरुण, हे त्या चित्रावरून कधीच कळणार नाही. जगातली पहिली प्रकाशरेखित तसबीर म्हणून आपण जे दाखवतो त्यात माणसाचा आजार आहे, माणूस गळालेला आहे.

मारेच्या तंत्राचे पुढे काय झाले याची एक छोटी हकिकत आपल्या वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. १८९५ साली पॅरिसमध्ये पश्चिम आफ्रिकेचे एक प्रदर्शन भरले. वस्तूंबरोबर तिथे माणसेही आणून ठेवली होती, गाव वसवून. फेलिक्स-लुई रेनो नावाच्या डॉक्टरने मारेच्या एका सहायकाच्या मदतीने त्या माणसांच्या चालण्याच्या, धावण्याच्या, बसण्याच्या चित्रमाला घेतल्या. मातीचे भांडे घडवणाऱ्या एका वोलोफ बाईचीही त्याने अशी मालिका घेतली. वोलोफ म्हणजे सेनेगलमधला, आज बहुतांशी मुस्लिम असलेला समाज. रेनोला शोध होता ‘वंशा’नुसार शरीर कसे हलते याचा. इथे अंगावर दिवे नव्हते, चेहरे दिसतही होते. पण चेहरा दिसणे आणि माणूस दिसणे यांत अंतर असते ते असे. कुंभारकाम करणाऱ्या त्या बाईचे नाव कळून रेनोच्या अभ्यासात काहीच भर पडणार नव्हती.

यानंतरचा मुक्काम अमेरिकेत, कारखान्यात. फ्रँक गिलब्रेथ हा तरुणपणी गवंडीकाम शिकलेला माणूस. एक वीट बसवताना गवंडी अठरा हालचाली करतो, त्या साडेचारवर आणता येतात, असे त्याने दाखवून दिले. विटा कंबरेच्या उंचीवर ठेवा, म्हणजे प्रत्येक विटेमागे वाकणे वाचते, अशी त्याची साधी सूत्रे. पत्नी लिलियन मानसशास्त्राची डॉक्टरेट मिळवलेली, आणि माझ्या मते दोघांत जास्त खोल विचार करणारी. १९१२ नंतर या जोडप्याने कामगाराच्या बोटात अंगठीसारखा छोटा विजेचा दिवा अडकवून त्याच्या कामाचे लांब एक्स्पोजरचे फोटो घ्यायला सुरुवात केली. रुमालाची घडी घालणारी मुलगी, टाइपरायटर चालवणारी, यंत्राचे भाग जुळवणारा. फोटोत कामगार भुतासारखा धूसर, आणि त्याच्या हाताने हवेत आखलेली रेघ लखलखीत. मग त्यांनी विजेचा प्रवाह ठरावीक अंतराने तोडायला सुरुवात केली, त्यामुळे रेघ तुटक तुटक येऊ लागली. तुकडे लांब असतील तर हात वेगात, आखूड असतील तर संथ. फोटोवरून तारेचे नमुने वाकवून तयार करत. ‘हात असा फिरला पाहिजे’ हे नव्या कामगाराला समजावण्यासाठी ती तार त्याच्या समोर धरायची. हालचालींच्या मूळ प्रकारांना त्यांनी ‘थर्बलिग’ असे नाव दिले. इंग्रजीत गिलब्रेथ हे आडनाव जवळजवळ उलटे लिहिले की तो शब्द होतो. भाषा शिकवणाऱ्या माणसाला अशा गंमती सोडवत नाहीत.

गिलब्रेथ दांपत्याला खलनायक करणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. कामगाराचा थकवा कमी व्हावा हा त्यांचा खरा आग्रह होता. थकव्यावर त्यांचे एक अख्खे पुस्तक आहे. पहिल्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांना पुन्हा कामाला लागता यावे म्हणून त्यांनी याच पद्धतीने अभ्यास केला. तरीही त्या फोटोंसमोर मी बसतो तेव्हा अस्वस्थ होतो. त्या काळी कामगारांना मोजमापाची भीती होती आणि ती निराधार नव्हती. १९११ साली मॅसॅच्युसेट्समधल्या वॉटरटाउन शस्त्रागारात स्टॉपवॉच घेऊन मोजणारा माणूस उभा राहिला, म्हणून ओतकाम करणारे कामगार काम सोडून बाहेर पडले होते. वाचलेला वेळ कामगाराच्या विश्रांतीला जातो की मालकाच्या खिशात, हे बोटातला दिवा ठरवत नाही. दिवा कामगाराच्या बोटात होता खरा, पण तो त्याचा नव्हता. तो अंगठीसारखा घातलेला असला तरी काम बेडीचे करत होता. आणि धूसर आली ती पुन्हा काम करणारीच माणसे, दागेरच्या त्या पॉलिशवाल्यासारखी.

इथून पुढे दिवा हात बदलतो. मॅन रे हा अमेरिकेत जन्मलेला, स्थलांतरित यहुदी कुटुंबातला, पॅरिसमध्ये राहून काम करणारा चित्रकार-फोटोग्राफर. १९३५ साली त्याने स्वतःचीच तसबीर घेतली. कॅमेऱ्यासमोर उभा राहिला आणि छोटा टॉर्च पेनासारखा धरून हवेत गिरगटला. वळसे, गाठी, रेघांचा गुंता. कित्येक दशके लोकांनी तो नुसता गुंताच समजला. २००९ साली एलन कॅरी या फोटोग्राफर बाईंनी तो फोटो आरशासमोर धरला आणि पाहतात तर काय, गुंत्यात त्याची सही होती. मॅन रे कॅमेऱ्याकडे तोंड करून उभा होता. त्याला जे डावीकडून उजवीकडे ते कॅमेऱ्याला उजवीकडून डावीकडे. म्हणून सही उलटी उमटली आणि चौऱ्याहत्तर वर्षे उघड्यावर असून कुणाला दिसली नाही. उर्दू आणि मराठी एकाच फळ्यावर शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला हा किस्सा किती आवडला असेल, ते सांगायला नको. मुद्दा मात्र सहीचा आहे. दमेनीच्या रुग्णाच्या अंगावरचा दिवा डॉक्टरसाठी लिहीत होता. मॅन रेच्या हातातला दिवा मॅन रेचे नाव लिहीत होता.

आणि मग ज्योन मिली. पिकासोचा तो जगप्रसिद्ध फोटो तुम्ही पाहिला असेल: अर्धी चड्डी घातलेला, टक्कल पडलेला पिकासो किंचित वाकून उभा आहे आणि त्याच्या पुढे हवेत उजेडाने काढलेला प्राणी तरंगतो आहे. फोटोचे सगळे श्रेय लोक पिकासोला देतात. मी त्यातला मोठा वाटा मिलीला देतो. १९०४ साली तो आल्बेनियातल्या कोर्चा इथे जन्मला तेव्हा ते गाव उस्मानी साम्राज्यात होते. लहानपण रोमानियात गेले. १९२३ साली अमेरिकेला गेला, एमआयटीतून विद्युत अभियंता झाला आणि वेस्टिंगहाउस कंपनीत दहा वर्षे दिव्यांवर संशोधन करत राहिला. कॅमेरा त्याच्या आयुष्यात दिव्याच्या मागून आला. एमआयटीचेच प्राध्यापक हॅरॉल्ड एजर्टन यांनी इलेक्ट्रॉनिक फ्लॅश घडवला होता. त्याचा लखलखाट इतका क्षणिक की बंदुकीची गोळीसुद्धा हवेत थांबलेली दिसावी. मिलीने तो फ्लॅश प्रयोगशाळेतून उचलून नर्तक, वादक आणि खेळाडूंच्या समोर आणला. १९३९ पासून तो लाइफ साप्ताहिकासाठी फोटो काढू लागला.

१९४९ साली तो दक्षिण फ्रान्समधल्या व्हालोरिस इथे पिकासोला भेटायला गेला. पिकासो तेव्हा तिथे मातीच्या भांड्यांचे काम करत होता. मिलीने त्याला आपले काही फोटो दाखवले. बर्फावर घसरत उड्या घेणाऱ्या स्केटरच्या बुटांना छोटे दिवे लावून काळोखात घेतलेले. लाइफने दिलेल्या हकिकतीनुसार पिकासोने एका प्रयोगासाठी पंधरा मिनिटे दिली होती. निकाल पाहून तो इतका रंगला की पुढे पाच बैठका झाल्या आणि तीसेक रेखाटने निघाली. बैल, सेंटॉर, ग्रीक धाटणीचे चेहरे आणि स्वतःची सही. मिलीने खोलीत काळोख केला, समोरून एक आणि बाजूने एक असे दोन कॅमेरे उघडे ठेवले. पिकासो हातातला छोटा दिवा हवेत फिरवत होता. मध्येच मिली फ्लॅश उडवायचा. त्या एका क्षणात पिकासो आणि खोली टिपली जायची, बाकी सगळा वेळ फक्त दिव्याची रेघ साचत राहायची.

माझ्या दृष्टीने या सगळ्या इतिहासातला महत्त्वाचा क्षण म्हणजे तो फ्लॅश. साठ वर्षे या तंत्राने रेघ ठेवली आणि माणूस खोडला. मिलीने एकाच प्लेटवर दोन्ही बसवले. चेहरा ओळखता येतो, डोळे ओळखता येतात, आणि त्या माणसाने स्वतःच्या इच्छेने काय रेखाटले तेही दिसते. १९५२ साली मिलीने व्हायोलिनवादक याशा हायफेट्झच्या गजाला दिवा लावून फोटो घेतला. त्यात गजाची ये-जा उजेडाच्या वळणांत दिसते. गिलब्रेथच्या फोटोतली कामगाराच्या हाताची रेघ आणि हायफेट्झच्या हाताची रेघ शेजारी ठेवली तर तंत्रात काडीचा फरक नाही. फरक एवढाच की एका रेघेवर दुसऱ्याच कुणाचा हक्क आहे.

पिकासोच्या फोटोत आणखी एक गोष्ट आहे, ती खत्तातीचा सराव केलेल्यांना चटकन कळेल. तो जे काढत होता ते त्याला दिसत नव्हते. हवेत रेघ राहत नाही. बैलाचे शिंग काढून झाले की ते कुठे संपले हे डोळ्यांना माहीत नाही, ते फक्त खांद्याला आणि मनगटाला माहीत आहे. खुशनवीस वर्षानुवर्षे मश्क करतो ते याच साठी, की अलिफची उंची आणि नूनची खोली डोळ्यांतून हातात उतरावी. तेव्हा अरबी खत्तातीने पुढे दिवा हातात घेतला याचे आश्चर्य वाटायला नको. ट्युनिशियाचा करीम जब्बारी रात्रीच्या वेळी रस्त्यांवर, पडक्या भिंतींसमोर उजेडाने अरबी अक्षरे लिहितो. फ्रान्समधल्या नाँतचा ज्युलियाँ ब्रतों ‘कालाम’ या टोपणनावाने काम करतो. अरबी खत्तातीच्या वळणांवरून त्याने लॅटिन लिपीची स्वतःची वळणे तयार केली आणि फोटोग्राफर दाविद गालार याच्याबरोबर तो ती काळोखात रेखतो. या अक्षरांची उंची माणसाच्या उंचीएवढी असते. कागदावर बोरूच्या नुक्त्याने मोजायचे ते इथे पावलांनी मोजावे लागते.

आता त्या जुन्या वादाकडे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी फोटोग्राफीच्या बाजूने लिहिताना म्हटले होते की यात कुणी नवी आकृती घडवत नाही, असलेली सावली फक्त रोखून ठेवली जाते. आपल्याकडे मुफ्ती मुहम्मद शफी यांच्यासारख्या देवबंदी आलिमांचे म्हणणे उलटे होते. आरशात आहे तोवर ते अक्स, पण ते पक्के करून ठेवले की तस्वीर झाली, आणि तिला तस्वीरचेच नियम लागू. दोन्ही बाजू अभ्यासाच्या आहेत, आणि मी मुफ्ती नाही. मला कुतूहल आहे ते वेगळ्या गोष्टीचे. सावली रोखली की आकृती घडवली, हा प्रश्न नेहमीच्या फोटोबद्दल विचारता येतो. लाइट पेंटिंगमध्ये एकाच चौकटीत दोन्ही होते. चेहरा येतो तो अक्स म्हणून. त्याच्या मागची रेघ येते ती हाताने घडवलेली म्हणून. आणि हवे तर चेहऱ्यावर टॉर्च न टाकता नुसते अक्षर ठेवता येते. काळोखात चेहरा येणे आपोआप घडत नाही. तो कुणीतरी उजळावा लागतो, म्हणजे त्याला विचारावे लागते.

हे मला पुस्तकापेक्षा वर्गात जास्त कळले. आमच्या शाळेच्या हॉलच्या खिडक्यांना काळ्या चादरी लावून नववीच्या मुलींबरोबर आम्ही हा प्रयोग केला. वीस सेकंद शटर उघडे राहील असा मोबाइल, तो बसवायला बाकांचा मनोरा आणि मेडिकलमधून आणलेला पेनटॉर्च. प्रत्येकीने आपले नाव उर्दूत लिहायचे होते. पहिली मुलगी कॅमेऱ्याकडे तोंड करून उभी राहिली आणि तिचे नाव मॅन रेच्या सहीसारखे उलटे आले. हॉलमध्ये हशा. मग वाद सुरू झाला. एकीचे म्हणणे, मोबाइलमध्ये फोटो उलटवून टाकू. दुसरी म्हणाली, उलटवला तर तिच्या ओढणीची बाजू बदलेल, ती मग ती राहणार नाही. काहींनी उलटे लिहायचा सराव केला आणि दोघींना तो जमलाही. चेहऱ्यावर उजेड टाकू का, हे प्रत्येकीला आधी विचारले. बहुतेकींनी हो म्हटले, आणि किती सेकंद टाकायचा यावरही त्यांची मते होती.

एकीने नको म्हटले. कारण विचारले नाही. ती कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी राहिली, म्हणजे अक्षरे सुलट येतील, आणि दिवा समोर धरून लिहू लागली. फोटोत नाव सुलट आले, पण मधोमध तुटलेले, कारण तिथे दिवा आणि कॅमेरा यांच्यामध्ये तिचे डोके आणि खांदा येत होता. दोन्ही बाजूंना उजेडाची अक्षरे, आणि मध्ये रेघ जिथे जिथे थांबली त्या कडांवरून खांद्याचा उतार, डोक्याची गोलाई ओळखू येत होती. सगळे फोटो छापून हॉलच्या भिंतीवर लावताना प्रत्येकीचे नाव खाली चिठ्ठीवर लिहायचे ठरले. तिला विचारले, तुझे लिहू का? ती म्हणाली, “नाम तो लिखी ना मैं, सर.”